सॅम्युअल इन्सल: विजेच्या दराला घड्याळ लावणारा माणूस

तुमचं वीजबिल कधी नीट वाचलंय? वापरलेल्या युनिटच्या रकमेशिवाय त्यात ‘स्थिर आकार’ अशी एक ओळ असते. महिनाभर घराला कुलूप असलं तरी ती रक्कम भरावी लागते. कारखान्याच्या बिलात याशिवाय ‘मागणी आकार’ असतो, आणि तिथे युनिटचा दरही दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो. आपण वीज वापरली किती, याबरोबरच ती वापरली कधी, आणि एका वेळी किती मागितली, याचे पैसे आपण देत असतो.

या विचाराची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. पण एका अवाढव्य शहरावर तो राबवून दाखवला तो शिकागोच्या सॅम्युअल इन्सलने. एके काळी अमेरिकेत हे नाव शाळकरी पोरांनाही माहीत होतं, आधी यशासाठी आणि मग बदनामीसाठी. आज वीज बाजारात विकली जाते, कोणतं केंद्र कधी चालवायचं हे बोली लावून ठरतं, आणि वापर कमी केल्याबद्दलही पैसे मिळू शकतात. हे सगळं समजून घ्यायचं तर इन्सलची गोष्ट माहीत असायला हवी. कारण या व्यवस्थेतला अर्धा भाग त्याने उभा केला, आणि उरलेला अर्धा त्याच्या चुकांमुळे उभा राहिला.

लंडनचा कारकून, एडिसनचा सेक्रेटरी

इन्सलचा जन्म ११ नोव्हेंबर १८५९ चा, लंडनमधला. घरची परिस्थिती बेताचीच. वडील दारूबंदीचा प्रचार करायचे. चौदाव्या वर्षी पोरगा नोकरीला लागला. लघुलेखन शिकला, हिशेब शिकला. १८७९ मध्ये वर्तमानपत्रातली एक जाहिरात बघून त्याने अर्ज केला आणि कर्नल गुरो नावाच्या माणसाकडे त्याला काम मिळालं. हा गुरो थॉमस एडिसनचा लंडनमधला प्रतिनिधी निघाला.

तिथून पुढे वेगाने घडत गेलं. १८८१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इन्सल न्यूयॉर्कला पोचला आणि एडिसनचा खासगी सेक्रेटरी झाला. एडिसनला यंत्रांचं वेड होतं, पण पैशाचा हिशेब ठेवायचा कंटाळा. ते काम या पोराने अंगावर घेतलं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा इन्सल तिथल्या धडपडीत होता. १८८६ मध्ये एडिसनने त्याला स्केनेक्टडीचा कारखाना सांभाळायला पाठवलं आणि तो कारखाना त्याने कितीतरी पटींनी वाढवला.

१८९२ मध्ये बँकर मंडळींनी एडिसनची कंपनी तिच्या प्रतिस्पर्ध्याबरोबर विलीन केली आणि जनरल इलेक्ट्रिक जन्माला आली. इन्सलला तिथे वरची जागा मिळत होती, पगारही मोठा होता. त्याने ती सोडली आणि एक तृतीयांश पगारावर, वर्षाला १२,००० डॉलरवर, शिकागो एडिसन या लहानशा कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्या ओळखीच्या लोकांना हा वेडेपणा वाटला. त्याचं गणित वेगळं होतं. यंत्रं बनवणारे पुष्कळ होते, पण वीज विकायची कशी, हे अजून कुणालाच नीट उमगलेलं नव्हतं.

धंदा तोट्यात का जात होता?

त्या वेळी शिकागोची लोकसंख्या दहा लाखांवर गेली होती. शहरात वीसहून अधिक वीज कंपन्या होत्या आणि तरीही वीज ही श्रीमंतांची चैन होती. हॉटेलं, मोठी दुकानं, काही बंगले, एवढेच काय ते ग्राहक. बाकी शहर गॅसच्या दिव्यांवर चालायचं. अनेक मोठ्या इमारतींचं स्वतःचं जनित्र तळघरात असायचं.

अडचण अशी की त्या काळी मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवणं परवडत नव्हतं. ज्या क्षणी मागणी येई, त्याच क्षणी ती तयार करावी लागे. म्हणजे संध्याकाळी सहा वाजता सगळ्या दुकानांचे दिवे एकदम लागणार असतील, तर त्या वेळेला पुरेल एवढं यंत्र विकत घेऊन ठेवावंच लागतं. दोन तासांनी दुकानं बंद होतात. मग ते महागडं यंत्र उरलेले बावीस तास जवळपास रिकामं उभं, आणि व्याज मात्र चोवीस तास चालू!

आपल्याकडच्या मंगल कार्यालयाचं उदाहरण घ्या. कार्यालय बांधावं लागतं ते लग्नसराईतल्या दाट मुहूर्ताच्या दिवसाचा अंदाज धरून. आषाढात ते ओस पडतं. पण कर्जाचा हप्ता आषाढातही येतो. मालकाने सगळा खर्च फक्त मुहूर्ताच्या दिवसांवर टाकला तर भाडं परवडणार नाही. म्हणून तो काय करतो? बिनमुहूर्ताच्या दिवशी प्रदर्शनाला, क्लासला, बारशाला स्वस्तात जागा देतो.

आता हेच आकड्यांत बघू. समजा एक किलोवॉट क्षमतेच्या यंत्राचा व्याजासकट रोजचा खर्च १० रुपये आहे. पहिला ग्राहक एक किलोवॉटचे दिवे रोज दोन तास लावतो, म्हणजे २ युनिट. त्याच्या प्रत्येक युनिटवर यंत्राचा बोजा ५ रुपये पडला. दुसरा ग्राहक तेवढीच मागणी दहा तास ठेवतो, म्हणजे १० युनिट. त्याच्या युनिटवर बोजा फक्त १ रुपया. कोळशाचा खर्च दोघांच्या युनिटला सारखाच. सगळ्यांना एकच दर लावला तर दुसरा ग्राहक पहिल्याचा खर्च उचलतो, आणि एक दिवस कंटाळून स्वतःचं जनित्र घेतो.

ब्रायटनचं मीटर

१८९४ मध्ये इन्सल इंग्लंडला गेला असताना समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात त्याला याचं उत्तर सापडलं. तिथे आर्थर राइट नावाच्या इंजिनिअरने एक वेगळं मीटर बनवलं होतं. एकूण वापराबरोबर ग्राहकाची सर्वांत जास्त मागणी किती झाली, याचीही ते नोंद ठेवायचं. बिल दोन भागांत यायचं. कमाल मागणीच्या हिशेबाने ठरणारी पहिली काही युनिटं महाग, त्यापुढची सगळी स्वस्त. जास्त तास वीज वापराल तर सरासरी दर खाली येणार.

इन्सलने ही पद्धत शिकागोत आणली. यंत्राचा खर्च आणि कोळशाचा खर्च वेगळा मोजायचा, हे आपल्या बिलातल्या स्थिर आकाराचं आणि मागणी आकाराचं मूळ. कमाल मागणीच्या तुलनेत सरासरी वापर किती, या प्रमाणाला ‘लोड फॅक्टर’ म्हणतात. पुढची चाळीस वर्षं इन्सलने जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका आकड्याकडे बघून घेतला.

रिकामे तास भरायचे

एकदा हे कळल्यावर तो रिकाम्या तासांसाठी गिऱ्हाईक शोधत सुटला. कारखाने दिवसा वीज घेतात, घरं संध्याकाळी, ट्राम सकाळी आणि संध्याकाळी. बर्फाचे कारखाने उन्हाळ्यात जोरात चालतात, जेव्हा दिवे उशिरा लागतात आणि यंत्रं मोकळी असतात. प्रत्येकाची गर्दीची वेळ वेगळी. सगळ्यांना एकाच जाळ्यावर घेतलं तर गर्दीचे डोंगर एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसतात. दहा जणांना दहा वेगळी यंत्रं लागली असती, तिथे कदाचित पाच-सहात भागतं.

ट्राम आणि उन्नत रेल्वे कंपन्यांना त्याने इतका कमी दर दिला की त्यांनी स्वतःची वीजकेंद्रं बंद करून त्याच्याकडून वीज घ्यायला सुरुवात केली. शिकागोत हिवाळ्यातल्या संध्याकाळी दिवे आणि ट्राम यांची गर्दी एकाच वेळी यायची, ही त्यातली डोकेदुखी. पण दिवसभराचा विचार केला तर सौदा फायद्याचा होता. घरांमध्ये त्याने इस्त्र्या आजमावून बघायला दिल्या, वीज उपकरणांचं दुकान काढलं, घरात वायरिंग करून घ्यायला सवलती दिल्या. वापर वाढला की दर खाली आणायचा, दर खाली आला की वापर आणखी वाढतो, असं हे चक्र होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. इन्सलच्या सगळ्या विचारात ‘कमी वापरा’ हे कुठेच नव्हतं. त्याला वाया जाणारं यंत्र खुपायचं, वाया जाणारी वीज नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

फिस्क स्ट्रीट आणि फोनवरचा माणूस

मागणी वाढली तशी जुनी वाफेची इंजिनं अपुरी पडायला लागली. ती आधीच घरभर मोठी होती, त्याहून मोठी बनवणं अवघड होतं. वाफेवरचं टर्बाइन ही नवी चीज युरोपात आली होती, पण लहान आकारात. इन्सलने जनरल इलेक्ट्रिककडे थेट ५,००० किलोवॉटचं टर्बाइन मागितलं. कंपनी बिचकली. शेवटी धोका वाटून घ्यायचं ठरलं: बनवण्याचा जनरल इलेक्ट्रिकचा, बसवण्याचा इन्सलचा.

ऑक्टोबर १९०३ मध्ये शिकागोच्या फिस्क स्ट्रीट केंद्रात ते सुरू झालं. पहिल्यांदा चालवताना यंत्र इतकं थरथरलं की मुख्य इंजिनिअर सार्जंटने इन्सलला बाहेर जायला सांगितलं, पण तो हलला नाही, असं सांगतात. यंत्र फुटलं तर आपला धंदाही बुडाल्यातच जमा, असा त्याचा हिशेब होता. यंत्र टिकलं. काही वर्षांतच त्याच्या दुपटीहून मोठी टर्बाइनं तिथे बसली आणि जगभर वाफेच्या इंजिनांचे दिवस भरले.

याच काळात शिकागोत एक नवं पद आलं: लोड डिस्पॅचर. आज ज्याला आपण ‘भार प्रेषण’ म्हणतो, त्याची ही सुरुवात. डिस्पॅचरचं काम म्हणजे शहराला पुढच्या तासात किती वीज लागेल याचा अंदाज बांधायचा आणि कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे फोनवरून सांगायचं. कमी कोळशात जास्त वीज देणारी नवी टर्बाइनं आधी आणि सतत चालवायची. जुनी, खादाड इंजिनं फक्त गर्दीच्या तासापुरती पेटवायची. स्वस्त केंद्र आधी, महाग केंद्र शेवटी, या क्रमाला आज ‘मेरिट ऑर्डर’ म्हणतात.

डिस्पॅचरला आभाळावरही लक्ष ठेवावं लागायचं. भर दुपारी काळे ढग आले की ऑफिसांतले दिवे एकदम लागतात. बॉयलर तापायला वेळ लागतो, म्हणून ढग शहरावर यायच्या आधीच निखारे फुलवायला सांगावं लागे. अंदाज चुकला तर एक तर कोळसा फुकट जायचा, नाही तर अंधार व्हायचा.

महत्त्वाचा मुद्दा असा, की हे काम एका जागेवरूनच नीट होतं. सगळी केंद्रं, सगळ्या तारा आणि सगळी मागणी जो एकत्र बघू शकतो, तोच स्वस्तातला क्रम लावू शकतो. १९१० च्या सुमारास इन्सलने शिकागोच्या उत्तरेला लेक काउंटीत हा प्रयोग केला. तिथल्या गावांत लहान लहान केंद्रं होती, काही ठिकाणी तर रात्री ठराविक वेळेनंतर वीज बंदच व्हायची. त्याने ती गावं तारांनी जोडली, लहान केंद्रं बंद केली आणि मोठ्या केंद्रातून चोवीस तास वीज दिली. गावोगावची गर्दीची वेळ थोडी पुढेमागे असल्यामुळे एकूण यंत्रसामग्री कमी लागली.

मक्तेदारी हवी, पण नियमाखाली

इथून इन्सल एका निष्कर्षावर आला. डिस्पॅच एकच हवा, म्हणून कंपनीही एकच हवी. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी तारा टाकणं म्हणजे दुप्पट खर्च, आणि तो शेवटी ग्राहकाच्याच डोक्यावर.

शिकागोतले स्पर्धक तो एकेक करून विकत घेत गेला. यात चतुराईही होती. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांशी त्याने असे करार केले होते की शिकागोत यंत्रसामग्री फक्त त्याच्या कंपनीला मिळेल. शहराच्या काही नगरसेवकांनी त्याच्याकडून पैसे उकळण्यासाठी कॉमनवेल्थ इलेक्ट्रिक नावाची कागदी कंपनी काढली आणि तिला ५० वर्षांचा परवाना देऊन टाकला. मग त्यांना कळलं की यंत्रच कुणी विकत देत नाही! इन्सलने तो मोलाचा परवाना ५०,००० डॉलरला पदरात पाडून घेतला. १९०७ मध्ये दोन्ही कंपन्या एक करून कॉमनवेल्थ एडिसन तयार झाली.

पण मक्तेदाराला वेसण कोण घालणार? १८९८ मध्ये, वीज कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष असताना, इन्सलने आपल्याच बिरादरीसमोर एक धक्कादायक कल्पना मांडली. राज्य सरकारने आयोग नेमावा, आयोगाने दर ठरवावेत आणि बदल्यात कंपनीला तिच्या भागात एकटीला धंदा करू द्यावा. त्या वेळी कंपनीवाल्यांना हे पटलं नाही. १९०७ मध्ये विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्कने असे आयोग नेमले, मग इतर राज्यांनी. आज आपल्याकडे वीज नियामक आयोग दर ठरवतो, त्यामागे हाच सौदा आहे.

सौदा कागदावर चांगला होता. प्रश्न हा होता की आयोग खरोखर स्वतंत्र राहणार का? १९२६ मध्ये याचं उत्तर मिळालं. इलिनॉयच्या आयोगाचा अध्यक्ष फ्रँक स्मिथ सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि इन्सलने त्याला प्रचारासाठी सव्वा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. ज्याने दर ठरवायचे, त्यालाच दर घेणाऱ्याने पैसे पुरवले. स्मिथ निवडून आला, पण सिनेटने त्याला सदस्य म्हणून बसू दिलं नाही.

कंपनीवर कंपनी, त्यावर कंपनी

१९१२ मध्ये इन्सलने मिडल वेस्ट युटिलिटीज ही होल्डिंग कंपनी काढली. होल्डिंग कंपनी स्वतः वीज बनवत नाही, तिच्याकडे फक्त वीज कंपन्यांचे शेअर असतात. सुरुवातीला यात अर्थ होता. लहान गावातल्या कंपनीला कर्ज मिळत नव्हतं आणि चांगले इंजिनिअर परवडत नव्हते. मोठ्या समूहात आल्यावर दोन्ही मिळायचं.

पण १९२० च्या दशकात मजले वाढत गेले. समजा खालच्या कंपनीची किंमत १०० रुपये आहे. त्यातले ५० रुपये कर्जरोखे आणि ५० रुपये शेअर. निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे २६ रुपयांचे शेअर घेतले की कंपनी आपल्या हातात. वर आणखी एक कंपनी काढायची, तिनेही अर्धे पैसे कर्जाने उभे करून ते २६ रुपये गुंतवायचे, आणि तिचेही निम्म्याहून थोडे जास्त शेअर आपण ठेवायचे. आता सात रुपयांत शंभर रुपयांवर ताबा. असे चार-पाच मजले चढले की चिल्लर रकमेत राज्य मिळतं. नफा वाढत असेल तर वरच्या मजल्यावर तो अनेक पटींनी पोचतो. नफा थोडा घटला तर खालच्या कर्जांचं व्याज भागवता भागवताच तो संपतो आणि वर शून्य पोचतं.

१९३० पर्यंत इन्सलचा समूह ३० हून अधिक राज्यांत पसरला होता. शेअर विकत घेणारे कोण होते? शिक्षक, दुकानदार, निवृत्त लोक, त्याच्याच कंपन्यांचे कर्मचारी आणि ग्राहक. इन्सलवर विश्वास होता म्हणून त्यांनी आयुष्यभराची बचत त्याच्या कागदांत घातली.

सायरस ईटन नावाचा भांडवलदार गुपचूप आपले शेअर गोळा करतोय, हे १९२८ मध्ये इन्सलच्या लक्षात आलं. ताबा जाईल या भीतीने त्याने वर आणखी एक कंपनी उभी केली. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. त्यानंतर काहीच दिवसांत, ४ नोव्हेंबरला, त्याने उभारलेलं शिकागोचं भव्य ऑपेरा हाउस थाटात उघडलं. मंदी लवकर सरेल असं धरून १९३० मध्ये त्याने ईटनचे शेअर पाच कोटी डॉलरहून जास्त रकमेला विकत घेतले, तेही न्यूयॉर्कच्या बँकांचं कर्ज काढून. तारण म्हणून आपल्याच कंपन्यांचे शेअर ठेवले. भाव घसरत गेले तसं तारण कमी पडत गेलं आणि एप्रिल १९३२ मध्ये बँकांनी हात वर केले. जूनमध्ये इन्सलला सगळ्या पदांचे राजीनामे द्यावे लागले.

लाखो लोकांची बचत बुडाली. पण शिकागोचे दिवे गेले नाहीत. वीज बनवणारी कॉमनवेल्थ एडिसन चालू राहिली, डिस्पॅचर रोजच्यासारखा फोनवर होता. तारा आणि टर्बाइनं यांचा हिशेब पक्का होता. पोकळ होता तो वरचा कागदी मनोरा.

पळापळ, खटले आणि शेवट

इन्सल आधी पॅरिसला आणि मग ग्रीसला गेला. अमेरिकेत त्याच्यावर गुन्हे दाखल झाले. १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्टने त्याचं नाव लोभाचं उदाहरण म्हणून वापरलं. ग्रीसच्या न्यायालयांनी त्याला सोपवायला नकार दिला, तरी १९३४ मध्ये त्याला तो देश सोडावा लागला. भाड्याच्या जहाजातून जाताना इस्तंबूलला तुर्की पोलिसांनी त्याला पकडलं आणि अमेरिकेला परत पाठवलं.

तीन खटले चालले आणि तिन्हींत तो निर्दोष सुटला. त्याने स्वतःची संपत्तीही याच कंपन्यांत घातली होती, तीही बुडाली, हे ज्युरीला दिसत होतं. १६ जुलै १९३८ ला पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. तेव्हा त्याच्या खिशात थोडीशी चिल्लर होती.

त्याच्यातलं काय ठेवलं, काय टाकलं?

१९३५ मध्ये अमेरिकेने दोन गोष्टी केल्या. होल्डिंग कंपन्यांचे मजले पाडणारा कायदा आला, आणि राज्याराज्यांतल्या घाऊक वीज व्यवहारांवर केंद्रीय आयोगाची नजर आली. पण खालची रचना तशीच राहिली: एक भाग, एक कंपनी, तिचीच केंद्रं, तिच्याच तारा, तिचाच डिस्पॅचर. पुढची चाळीस वर्षं ती चाललीही, कारण वीज स्वस्त होत होती.

१९७३ च्या तेलसंकटाने हे चक्र थांबलं. इंधन महागलं. नवं केंद्र आता जुन्यापेक्षा स्वस्त वीज देईलच असं राहिलं नाही. तेव्हा पहिल्यांदा धोरणात ‘बचत’ हा शब्द जोरात आला. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा करून वीज कंपन्यांना बाहेरच्या लहान उत्पादकांकडूनही वीज घ्यायला लावली. उद्देश होता इंधन वाचवणं, पण त्यातून एक मोठी गोष्ट सिद्ध झाली: वीज बनवणारा आणि तारांचा मालक वेगवेगळे असले तरी जाळं नीट चालतं.

मग इन्सलचा जुना निष्कर्ष पुन्हा तपासला गेला. डिस्पॅच एकच हवा, हे बरोबर. पण म्हणून मालकही एकच हवा, हे कुठे सिद्ध होतं? १९८० च्या दशकात एमआयटीचे प्राध्यापक फ्रेड श्वेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या त्या वेळी, त्या त्या ठिकाणी वीज पोचवायचा जो खरा खर्च, तोच दर म्हणून जाहीर केला तर वेगवेगळे मालकही त्याच स्वस्त क्रमाने चालतील. चिलीने १९८२ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने १९९० मध्ये वीजबाजार सुरू केले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आयोगाने तारा सगळ्यांना समान अटींवर खुल्या करायला सांगितलं.

बाजार म्हणजे जादू नव्हे, हे कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये दिसलं. काही कंपन्यांनी मुद्दाम टंचाई दाखवून दर चढवले आणि लोकांना अंधारात बसावं लागलं. देखरेख ढिली पडली की मक्तेदार जे करतो तेच बाजारातला विक्रेताही करतो.

शिकागोची कथा इथे रंजक वळण घेते. इन्सलच्या हयातीतच, १९२७ मध्ये, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या तीन स्वतंत्र कंपन्यांनी आपापली मालकी ठेवून डिस्पॅच मात्र एकत्र केला होता. त्यातूनच पुढे पीजेएम ही संस्था झाली. तिच्याकडे स्वतःचं एकही केंद्र नाही. ती फक्त बोली घेते, क्रम लावते आणि जाळं सांभाळते. २००४ मध्ये कॉमनवेल्थ एडिसनचं शिकागो तिच्यात सामील झालं. २०१२ मध्ये फिस्कचं कोळसा केंद्र कायमचं बंद झालं.

बचत विकता येते

इन्सलने दराला घड्याळ लावलं ते वापर वाढवण्यासाठी. तेच घड्याळ आज उलट्या दिशेनेही चालतं. गर्दीच्या तासाला शेवटचं, सर्वांत महाग आणि बहुधा जुनाट केंद्र पेटवावं लागतं. त्या वेळी एखाद्या कारखान्याने किंवा मॉलने मागणी थोडी कमी केली तर ते केंद्र पेटवायची गरजच पडत नाही. मग वीज देणाऱ्याला जसे पैसे मिळतात, तसे न वापरणाऱ्याला का नकोत? २०११ मध्ये अमेरिकेच्या आयोगाने तसा नियम केला. वीज उत्पादक न्यायालयात गेले, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. शिकागोच्या घरगुती ग्राहकांनाही २००७ पासून तासागणिक बदलणारा दर निवडता येतो.

आपल्याकडे

भारतातही याच वाटेने प्रवास झाला. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा आला. जाळ्यावर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याला त्या क्षणाच्या परिस्थितीप्रमाणे दर लावायची पद्धत १ जुलै २००२ ला पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र-गोव्यासकट, सर्वांत आधी लागू झाली. २००३ च्या वीज कायद्याने राज्य भार प्रेषण केंद्राला वीज विकत घेण्या-विकण्याचा धंदा करायला मनाई केली. म्हणजे क्रम लावणाऱ्याने माल विकायचा नाही. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ विभागून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. २००८ मध्ये देशात वीज एक्स्चेंज सुरू झालं. तिथे आज दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा ठरतो.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘वेळेनुसार दर’ किंवा ‘स्मार्ट मीटर’ यावर वाद ऐकाल, तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिला: हा दर खऱ्या खर्चाशी जुळतो का? दुसरा: हा दर आणि हा क्रम कोण ठरवतंय, आणि त्याचा त्यात स्वतःचा फायदा आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर इन्सलने चांगलं दिलं. दुसरा त्याने कुणाला विचारूच दिला नाही, आणि त्याची किंमत लाखो बचतदारांनी मोजली.